अ‍ॅनिमल हाऊसमधल्या ताईंना जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

शोधनिबंधाच्या शेवटी आभाराचा एक परिच्छेद असतो. त्यात निधी देणारे येतात, सूक्ष्मदर्शक वापरू देणारा विभाग येतो, आणि 'प्राणिगृहातील कर्मचाऱ्यांचे सहकार्य' एवढ्या शब्दांत तुम्हाला उरकलं जातं. ते मला पुरेसं वाटेना, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. आमचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं पाल्हाळ लावावं लागेल, तेवढं चालवून घ्या.

तोंडाच्या आतल्या टाळूवरची जखम कशी भरते हे उंदरांत बघायचं होतं. दुभंगलेली टाळू शिवलेल्या काही मुलांमध्ये शस्त्रक्रियेची जागा नीट जुळून येत नाही. तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक राहतं आणि प्यायलेलं दूध नाकातून बाहेर येतं. हिरडीवर लावण्यासाठी टाळूचा पातळ तुकडा काढतात, तेव्हाही मागे उघडी जखम राहते आणि घासागणिक झोंबते. या गोष्टी उंदराच्या पाठीवर जखम करून फारशा कळत नाहीत. तिथली कातडी सैल, आणि तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. तो कडा ओढून आणतो आणि जखम आक्रसून मिटते. टाळूचं अस्तर मात्र खालच्या हाडाला घट्ट चिकटलेलं, त्यामुळे ओढाओढीला वाव कमी. नव्या पेशींना कडेकडून सरकत आत यावं लागतं. माणसाच्या टाळूतही असंच असतं, म्हणून तर हे माऊस मॉडेल, म्हणजे माणसाऐवजी उंदरात बघणं.

कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव, त्याचं एवढंसं तोंड, आणि त्यात दीड मिलिमीटरचा बायोप्सी पंच, म्हणजे गोल तुकडा कापणारं बारीक पातं, बरोबर मध्यरेषेवर टेकवायचा. जरा बाजूला सरकलं की दाढांच्या आतल्या अंगाने जाणारी रक्तवाहिनी. उंदीर श्वास घेतो नाकाने, त्यामुळे मागे ओघळलेलं थोडं रक्तही त्याच्या जिवावर बेतू शकतं. वायूची भूल द्यावी तर मुखवटा नेमका कामाच्या जागेवर येतो, म्हणून भूल टोचूनच दिली. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत रबराचे फास अडकवून तोंड उघडं कसं ठेवायचं, जीभ बाजूला घेताना चिमट्याच्या टोकाला कापूस का गुंडाळायचा, हे तुम्ही शेजारी उभं राहून दाखवलंत. वेदनाशामक आधी, पंच नंतर, हा क्रम तुम्ही कधी ढळू दिला नाहीत. डोळ्यांत मलम घातल्याशिवाय दिवा जवळ आणू दिला नाहीत.

पण खरं ऋण त्या पुठ्ठ्याच्या नळीचं आहे. शस्त्रक्रियेच्या बऱ्याच आधीपासून प्रत्येक पिंजऱ्यात तुम्ही एक नळी ठेवलीत. उंदीर आपणहून आत शिरायचा, तुम्ही दोन्ही तोंडांवर तळवे धरून नळी उचलायचात आणि त्याला तराजूवर सोडायचात. शेपटीला धरून उचलणं तुमच्या खोलीत बंद. 'घाबरलेल्या जनावराची जखम रेंगाळते,' एवढंच तुम्ही म्हणाला होतात. मी मान डोलावली आणि नंतर वाचायला बसलो.

2010 साली जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी दाखवलं होतं की नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले उंदीर शेपटीने उचललेल्यांपेक्षा कमी भेदरलेले असतात. त्याहून जवळचा पुरावा माणसांच्या टाळूचाच निघाला. 1998 मध्ये अमेरिकेत दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची जखम दोनदा केली होती, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस, म्हणजे सुमारे 40 टक्के जास्त वेळ लागला. त्याच सुमारास उंदरांना कोंडून ताण दिल्यावर त्यांच्या कातडीवरच्या जखमाही उशिरा भरतात, हे दिसलं होतं. जी गोष्ट आम्ही मोजायला निघालो होतो, तीच हाताळणीने मागेपुढे होऊ शकते! तरीही शोधनिबंधांच्या पद्धती-विभागात औषधाचा बॅच क्रमांक सापडतो आणि उंदीर कसा उचलला हे सापडत नाही. मला ही सवय वाईट वाटते.

शस्त्रक्रियेनंतरचं सगळं तुमच्याच हातात होतं. अंगाखालची गादी कोमट, आणि उंदीर स्वतःच्या पायांवर चालेपर्यंत ती हलवायची नाही. भुशाचे कण जखमेत जाऊ नयेत म्हणून खाली कागद. जाळीतल्या कडक गोळ्यांऐवजी भिजवून मऊ केलेला खुराक, तोही खालीच वाटीत, मान वर करायला लागू नये म्हणून. वजन 20 टक्क्यांनी उतरलं तर त्या उंदराला प्रयोगातून काढायचं, असं आमच्या मंजुरीत लिहिलं होतं. तुम्ही तराजूची वाट बघत बसत नव्हता. मिटत चाललेले डोळे, मागे गेलेले कान, न बांधलेलं घरटं यांवरून तुम्हाला आधीच कळायचं, आणि वेदनाशामकाची पुढची मात्रा वेळेत जायची. औषध दिलेला गट आणि न दिलेला गट यांत कुठलाच भेद तुम्ही ठेवला नाहीत. कोणत्या पिंजऱ्यात काय आहे हे तुम्ही मुद्दाम विचारत नव्हता, हेही माझ्या लक्षात आलं होतं.

पुढचं आमचं नेहमीचं: मोजपट्टी ठेवून फोटो, गट माहीत नसलेल्या माणसाकडून मोजणी, हाड मऊ करायला ईडीटीए या रसायनात लांबलचक मुक्काम, मग जखमेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने काप. ऊती हवी तर उंदीर मारावा लागतो. ते काम इतर उंदरांसमोर होऊ नये म्हणून तुम्ही दरवेळी पिंजरा स्वतः उचलून पलीकडच्या खोलीत आणलात. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही, इथेही जास्त लिहीत नाही.

एकाच गटातल्या उंदरांच्या आकड्यांत फार तफावत आली नाही, आणि त्यामुळे कमी उंदरांत भागलं. यात पंच मारणाऱ्या हाताचा वाटा किती आणि नळी उचलणाऱ्या हाताचा किती, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. पण समीक्षकांनी तफावत इतकी कमी कशी, असं विचारलं, तेव्हा उत्तरात मी तुमची पद्धत सविस्तर लिहिली. ती आता शोधनिबंधाच्या पुरवणीत छापून येतेय. मजकूर तुम्हाला पाठवतो. काही चुकीचं वाटलं तर लाल शाईने खोडा.

आणि एक विनंती. नवीन मुलं येताहेत. पंच कसा धरायचा ते मी शिकवीन, पण त्याआधी त्यांनी तुमच्याकडे येऊन नुसतं उंदीर उचलायला शिकावं असं मनात आहे. तुम्हाला कधी सोयीचं पडेल ते कळवा.

मनापासून आभार.

तुमचा,
तुम्ही ज्याला 'टाळूवाले' म्हणता तो