मावशी, तुम्ही मला देवाशी भांडू दिलंत

प्रिय मावशी,
सप्रेम नमस्कार.

इस्रायलमध्ये अश्दोदला पोचल्यावर तुमचा फोन आला, तेव्हा मी हवापाण्याच्याच गप्पा मारल्या. बोलायचं होतं ते राहूनच गेलं. ते आज लिहितो, आणि उघडपणे लिहितो, कारण त्या वर्षी दादांसारखी माणसं गेली अशी घरं पुष्कळ आहेत.

दादा २०२१च्या एप्रिलमध्ये गेले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत टेबलाखालून एक रुपया घेतला नाही त्यांनी. दवाखान्यात खाट मिळेपर्यंत रात्र उलटून गेली होती. नंतर ज्याचा फोन येई तो एकच म्हणे, "चांगल्या माणसांनाच देव लवकर नेतो." माझं डोकं फिरायचं. मग वाईट वागलेलंच बरं ना?

हेच मी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तावातावाने म्हणालो. तुम्ही तुम्हा बेने इस्रायली ज्यूंच्या मलिद्यासाठी, त्या गोड पोह्यांच्या नैवेद्यासाठी, नारळ खवत होता, भिजवलेले पोहे बाजूला निथळत होते. तुम्ही मला गप्प केलं नाहीत. "आमचा अब्राहाम हेच भांडला होता," म्हणालात. पापी सदोम नगराचा नाश ठरलेला, आणि हा म्हातारा परमेश्वराला अडवून विचारतो, की दुष्टांबरोबर नीतिमानालाही मारणार? साऱ्या जगाचा न्यायाधीशच न्याय करणार नाही का? मग घासाघीस. पन्नास नीतिमान निघाले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, दहा? एकेका आकड्याला तुम्ही विळीवर नारळाची वाटी थोडी फिरवत होता. सहाही वेळा परमेश्वर म्हणतो, तेवढ्यांसाठी नाश करणार नाही. स्वतःला धूळ आणि राख म्हणवणाऱ्या माणसाशी तो सौदा मोडत नाही, चिडत नाही.

तेवढ्यावर गोष्ट संपवली असतीत तर मी घरी जाऊन पुन्हा चिडलो असतो. पण तुम्ही पुढचंही सांगितलंत. दहा निघाले नाहीत, सदोम जळलं. तिथे राहणाऱ्या अब्राहामाच्या पुतण्याला, लोटाला, बाहेर पडायला सांगितलं तरी तो रेंगाळला, तेव्हा देवदूतांनी त्याचा, त्याच्या बायकोचा आणि मुलींचा हात धरून त्यांना वेशीबाहेर आणलं. 'परमेश्वराची त्याच्यावर दया होती म्हणून', असं तिथे लिहिलंय. 'रेंगाळला' या शब्दावर तोरा, म्हणजे तुमचा धर्मग्रंथ, वाचताना एक लांबलचक कंप पावणारा सूर लागतो, शलशेलेत, म्हणजे साखळी. साऱ्या तोरेत चारच ठिकाणी येतो. तुमचे वडील तो कसा लावत, हे तुम्ही हातातली वाटी खाली ठेवून गुणगुणून दाखवलंत. सूर तीनदा वर चढून खाली आला. पाय निघत नसलेल्या माणसाचाच तो आवाज होता. खाटेसाठी वणवण करत होतो त्या रात्री माझेही पाय असेच जड झाले होते, मावशी.

पण मला सगळ्यात पुरलं ते निघता निघता तुम्ही बोललात ते. दुसऱ्या दिवशी पहाटे अब्राहाम त्याच जागी येऊन उभा राहतो आणि त्याला भट्टीसारखा धूर वर चढताना दिसतो. परमेश्वराने त्याची आठवण ठेवून लोटाला वाचवलं, हे वाचणाऱ्याला कळतं. त्याला कुणी कळवल्याचं तिथे लिहिलेलं नाही. "त्याने धूरच पाहिला, बाळा. तूही धूरच पाहिलायस."

"दादा बरे होऊन वर बसलेत" असलं काही तुम्ही म्हणाला नाहीत, याचे आभार.

आणि ते फोनवरचं वाक्य? तेही तुम्हीच यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सत्तावन्नाव्या अध्यायात काढून दाखवलंत. अरिष्टापासून वाचवायला नीतिमानाला उचललं जातं, हे तिथे खरंच आहे. पण त्याच्याआधी आहे, नीतिमान नाहीसा होतो आणि कुणी ते मनाला लावून घेत नाही. आम्हाला लोक उत्तरार्ध सांगत होते. मनाला लावून घेणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

हल्ली तुमच्या देवळावरून, म्हणजे ठाण्याच्या त्या १८७९च्या सिनेगॉगवरून जाताना पाय आपोआप थांबतात. आत जात नाही, नुसता उभा राहतो.

तुमची विळी जाताना आईकडे ठेवून गेलात. दादांच्या वर्षश्राद्धाचा नारळ मी तिच्यावरच खवला. आईने विचारलं, एवढा वेळ का लागतोय. मी आकडे मोजत होतो.

तुमचा,
समोरच्या दाराचा