देवदाराचा तुकडा

आलापल्ली, जि. गडचिरोली
१२ एप्रिल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू कुल्लूहून धाडलेला देवदाराचा तुकडा परवा पोचला. कागद सोडताच सारं दुकान दरवळलं.

खरं सांगतो, आजवर या झाडाचं नाव मी तुच्छतेनेच घेत आलो. आपल्याकडे ‘देवदारी’ म्हणजे खोक्याची फळी. खिळा ठोकला की चिरणारी, एका पावसाळ्यात कुजणारी. कोणी कच्चं काम केलं की बाबा त्याला ‘देवदारी काम’ म्हणायचे. आणि हिमाचलातली सफरचंदाची खोकी तर फर नि स्प्रूस या दुसऱ्याच झाडांची असायची! नाव मात्र बिचाऱ्या देवदाराचं खराब झालं.

तुकडा बाबांच्या हाती दिला. त्यांना आता नीट दिसत नाही. नाकाशी धरून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हा तं तुह्या मायच्या काढ्याचा वास हाये.” माझ्या जन्मानंतर आजी आईला देवदार्वादि काढा उकळून द्यायची. म्हणजे खरा देवदार आमच्या चुलीवर केव्हाचाच येऊन गेला होता. माझे डोळे भरून आले गड्या.

रंधा मारून पाहिला. सागापेक्षा मऊ, पिवळसर तपकिरी, पात्याला लाकडातलं तेल चिकटतं. त्या तेलामुळे पॉलिश नीट बसत नाही, पण वाळवीही जवळ येत नाही. मनालीचं देवदाराच्या लाकडातलं हिडिंबा मंदिर १५५३ सालचं. काश्मिरातल्या हाऊसबोटी याच लाकडाच्या. आणि ती काठकुणी घरं! एक थर दगडाचा, एक देवदाराच्या तुळयांचा, मध्ये चुना नाही की सिमेंट नाही. भूकंपात भिंत हलते, पण सहसा ढासळत नाही. कोपऱ्यावर तुळया एकमेकींत कशा बसवतात ते जवळून पाहा आणि मला चित्र काढून पाठव. फोटोत सांधा कळत नाही.

इथे सध्या साग उघडाबोडका आहे, जंगलात पाचोळा पायाखाली करकरतो. तुझ्याकडे मात्र बारमाही हिरवं झाड, तेही सागासारखंच टिकाऊ. एकदा त्याच्या बुंध्याला हात लावायचा आहे मला.

देवदाराचं फळ म्हणे झाडावरच सुटं होतं, खवले गळतात आणि शेंड्याचा गुलाबासारखा भाग तेवढा खाली पडलेला सापडतो. दिवाळीला येताना एक घेऊन ये. बाबांना चाचपून पाहायचा आहे.

तुझा
बालमित्र