फेब्रुवारीतच या

मयूर विहार, दिल्ली
14 डिसेंबर 2025

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे सांगायला गेले की बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई "जेवलीस का?" एवढंच विचारते. म्हणून लिहूनच काढते. आधी पूर्ण वाचा, मग भांडा.

बाबा, साताऱ्यातलं साहित्य संमेलन 4 जानेवारीला संपलं की पाच तारखेला दिल्लीला निघतो, असं तुम्ही म्हणालात. नका निघू. आज सकाळी आमच्या खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती. दहाच्या सुमाराला तिचा नुसता आकार दिसायला लागला. धुकं म्हणावं तर आपल्या यवतेश्वरच्या धुक्यासारखा गारवा नाही, घशात मात्र खवखव. हिवाळ्यात इथे वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत बसून राहते, तिच्यावर उबदार हवेचा थर येतो आणि गाड्यांचा, चुलींचा, कारखान्यांचा सगळा धूर त्याच्याखाली अडकतो. भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं. जानेवारी सरेपर्यंत ते झाकण काही धड निघत नाही.

मागच्या खेपेला डिसेंबरात आलात ते आठवा. धुक्यामुळे गाडी अकरा तास उशिरा आली, आईने डब्यातले सगळे लाडू शेजारच्या पोरांना वाटून टाकले आणि इथे पोचल्यावर बाबांचा खोकला सुरू झाला. नऊ दिवसांतले सात आपण खिडक्या बंद करून घरात बसलो. आईने दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला होता. साताऱ्याला गेल्यावर तुम्ही सगळ्यांना "दिल्ली छान पाहिली" असं सांगितलंत, तेही मला काकूकडून कळलं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं होतं, हे आजवर बोलले नाही.

म्हणून या वेळी तारखा मी ठरवल्या आहेत. शनिवार 21 फेब्रुवारीला इथे पोचायचं आणि रविवार 1 मार्चला परत. त्या दिवसांत दुपारी चोवीस-पंचवीस अंश आणि पहाटे अकरा-बारा. वारा वाहायला लागलेला असतो, त्यामुळे हवा बरीच सुधारते. साताऱ्यासारखी होते असं खोटं सांगणार नाही. मास्क आणि बाबांचा श्वासाचा पंप बरोबर हवाच. मार्चच्या मध्यावर पारा तिशीकडे जातो आणि एप्रिलमध्ये तर भाजून निघतं, त्यामुळे "पाडव्यानंतर बघू" हाही विषय बंद.

एक अडचण राहतेच. फेब्रुवारीत मधेच पश्चिमेकडून ढग येतात, हवामान खात्याच्या भाषेत पश्चिमी विक्षोभ. तो आला की एक-दोन दिवस पाऊस, आणि गेलेली थंडी पुन्हा अंगावर. म्हणून आई, एक जाड स्वेटर आणि बाकी सगळं पातळ, एकावर एक घालता येईल असं. शाल आणच, ती तू कुठेही ठेवून येत नाहीस. पाऊस झाला तर घरी पिठलं-भाकरी करू. दुसऱ्या दिवशी हवा काय स्वच्छ असते म्हणून सांगू!

आता गाडी. बाबांना विमान नको आणि गोवा एक्स्प्रेसच हवी, हे मी मान्य केलं आहे. परत जाताना मात्र पुण्यापर्यंत विमान, त्यात वाद नाही. गोवा एक्स्प्रेस साताऱ्याला रात्री बाराच्या पुढे येते, म्हणून तिकिटावर तारीख 20 फेब्रुवारी असेल, पण स्टेशनवर जायचं 19 च्या रात्री. हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. मुंबईच्या लग्नाच्या वेळी काय झालं होतं? आपण पाच जण बॅगा घेऊन फलाटावर उभे, आणि आपली गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली! पहाटे जीपमधून खंबाटकीचा घाट उतरताना आई एक शब्द बोलली नव्हती, तो प्रवास मी विसरलेले नाही.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि ते दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात. गाडी वास्कोहून 19 ला सुटणार, म्हणजे येत्या रविवारी, 21 तारखेला सकाळी आठला मी लॅपटॉप उघडून बसणार. बाबा, तुम्ही स्टेशनवर रांगेत जाऊ नका. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, ती खिडकीवर भांडूनही मिळणार नाही. खालचे बर्थ मात्र साठीपुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांना जागा असेल तर आधी देतात. दोन्ही खालचे मिळत असतील तरच तिकीट निघावं, असा पर्याय निवडता येतो. तो निवडणार आहे. गुडघ्याची पट्टी बांधून वरच्या बर्थवर चढणारे बाबा मला पुन्हा बघायचे नाहीत.

आई, आता तुझं मथुरा-वृंदावन. रागावू नकोस. मथुरेजवळच्या बरसान्याची लठमार होळी फाल्गुन शुद्ध नवमीला असते, या वेळी ती 25 फेब्रुवारीच्या आसपास येते. त्या आठवड्यात त्या सगळ्या भागात, म्हणजे ब्रजात, मुंगी शिरणार नाही अशी गर्दी होते, आणि वृंदावनातल्या बांकेबिहारी मंदिराच्या गल्ल्या एरवीसुद्धा अरुंदच. तिथे तुझा हात सुटला तर मी काय करू? वृंदावनासाठी नोव्हेंबरात, दिवाळीआधी वेगळी ये... नाही, तेव्हा धूर असतो. ऑक्टोबरात ये. तोवर गाडी पहाटे मथुरेला थांबेल तेव्हा बसल्या जागेवरून हात जोड.

पहिले दोन दिवस काहीच करायचं नाही. तीस तासांच्या प्रवासानंतर तुम्ही दोघं "आम्हाला काही झालं नाही" म्हणता आणि तिसऱ्या दिवशी आडवे होता. सोमवारी तसंही लाल किल्ला बंद असतो आणि अमृत उद्यानही. मंगळवारी अमृत उद्यान, म्हणजे राष्ट्रपती भवनाची बाग. जुन्या लोकांच्या तोंडी अजून मुघल गार्डनच, नाव बदललं जानेवारी 2023 मध्ये. या वर्षी ती 2 फेब्रुवारी ते 30 मार्च उघडी होती. पुढच्या तारखा जाहीर झाल्या की मी नावं नोंदवते. तिकीट नाही, नुसती वेळ घ्यायची. आमच्या स्टेशनवरून मंडी हाउसला मेट्रो बदलून केंद्रीय सचिवालय, आणि तिथून बागेच्या 35 नंबरच्या फाटकापर्यंत बस. आत चालणं बरंच आहे, म्हणून सकाळचीच वेळ घेईन. ट्युलिप पाहिलेस की आई तू "वास नाही गं यांना" म्हणणार, हे मी आत्ताच लिहून ठेवते.

एक दिवस बाबांचा. तालकटोरा. 1737 मध्ये बाजीराव दिल्लीवर चालून आले तेव्हा मराठ्यांचा तळ तिथेच पडला होता. आणि या फेब्रुवारीत तिथल्याच स्टेडियममध्ये 98वं संमेलन झालं, ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या. तुम्ही टीव्हीवर बघत होतात आणि मी मागच्या रांगेत बसून तुम्हाला फोटो पाठवत होते. त्याआधी दिल्लीत संमेलन झालं 1954 साली, आणि अध्यक्ष कोण, तर आपल्या वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी! म्हणजे आता संमेलन तुमच्या अंगणात आणि त्यानंतर दीड महिन्याने तुम्ही इथे. शेजारच्या बागेत तेव्हा फुलं असतात, बसायला बाकं आहेत. दुपारी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात जेवू.

बाकी दिवस मोकळे ठेवले आहेत. लोदी गार्डनमध्ये उन्हात बसायचं, शेंगदाणे खायचे. तुम्हाला गंमत वाटेल, इथे पानगळ वसंतात होते. मार्चमध्ये कडुनिंबाची पिवळी पानं रस्ताभर उडतात आणि त्याच वेळी काटेसावर लाल होते. आमच्या गॅलरीसमोर एक आहे. फुलं जाड, पडताना धप्प आवाज येतो. पहिल्या वर्षी मला वाटलं कोणीतरी वरून चप्पल फेकली.

निजामुद्दीनला उतरल्यावर डब्याच्या दारापाशीच थांबा, हमालाशी भाव करत पुढे जाऊ नका. मी फलाटावर असेन.

शनिवारपर्यंत होकार कळवा. तो आईने कळवावा. बाबांचं "बघू" तिकिटाच्या अर्जात भरता येत नाही.

तुमची,
ताई

ता. क. कंदी पेढे अर्धा किलोच. मागच्या वेळी दोन किलो आणलेत आणि मग माझ्या साखरेवर भाषण दिलंत.