किती माणसांचं थोडं?

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, परवा तू फोनवर सांगितलास तसा रस्सा केला आणि तो फसला. "मंद आचेवर तासभर ठेव, मीठ थोडं," असं म्हणाली होतीस. ठेवला. तासाभराने बघते तर पातेल्याचा तळ दिसतोय आणि उरलेलं खारट. पोरांनी पाणी पीत पीत खाल्लं, बिचाऱ्यांनी.

मग लक्षात आलं, तुझा तासभर आपल्या हॉटेलातल्या त्या मोठ्या पातेल्याचा आहे. वाफ जाते ती वरच्या तोंडातून. साठ माणसांच्या पातेल्यात आतला ऐवजच एवढा की तासात बोटभर उतरलं तरी कुणाला कळत नाही. माझ्या पातेल्यात ऐवज चौघांचा आणि तोंड त्या मानाने केवढं तरी! पाणी उडून गेलं, मीठ मात्र तिथंच राहिलं.

हॉटेलातल्या त्या पातेल्याने मला एकदा धडाही शिकवला होता, आठवतंय? पाचवीत असेन. रात्री तुला मदत म्हणून उरलेल्या रश्श्यावर गच्च झाकण ठेवलं आणि शहाण्यासारखी झोपले. सकाळी झाकण उघडलं तर वर फेस आणि आंबूस वास. तू ओरडली नाहीस. सगळं मोरीत ओतलंस आणि मला घासायला बसवलंस. घासताना सांगितलंस की एवढ्या मोठ्या पातेल्याचा मधला भाग रात्रभर कोमट राहतो, आणि कोमटात अन्न नासतं. म्हणून पसरट भांड्यांत काढून आधी निववायचं. पुढे विज्ञानाच्या पुस्तकात जीवाणू भेटले तेव्हा मला ते जुन्या ओळखीचेच वाटले.

बाबा, तुमचं आठवतं ते गल्ल्यावर बसून ओठ हलवत केलेलं बिल. कागद नाही, पेन नाही. चार टेबलांची बिलं डोक्यात, आणि वर "मागच्या वेळचं राहिलंय, राहू द्या" हेही. माझा अभ्यास दोन नंबरच्या टेबलावर चालायचा. गर्दी झाली की तुम्ही नुसती मान हलवायचात आणि मी वह्या गोळा करून कोठीत, पोत्यांवर. तिथंही स्वस्थता नव्हती. "नवा माल मागे, जुना पुढे" करायला कुणी ना कुणी यायचंच. आजही मी घरातल्या फळीवर डबे तसेच लावते आणि नवरा हसतो.

एक सांगू का? सगळं काही गोड नव्हतं. शाळेचं गॅदरिंग नेहमी संध्याकाळी, आणि संध्याकाळी आपल्याकडे गिऱ्हाईक. एका वर्षी बाबा आले होते म्हणे, खांद्यावर फडकं तसंच, दाराजवळ उभे. माझा नाच सुरू व्हायच्या आधी निघून गेले. मला ते दिसले नाहीत, मैत्रिणीने सांगितलं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. राग आहे अजून, थोडा. पण आता मीही कामावरून धावत पळत मुलीच्या शाळेत दाराजवळच उभी राहते आणि घड्याळ बघते, तेव्हा तो राग नेमका कुणावर काढायचा ते कळत नाही.

हॉटेल बंद झाल्यावर तरी तुम्ही दोघं वेळेवर जेवाल असं वाटलं होतं. दादा सांगतो, अजून दुपारी तीननंतरच ताटं घेता आणि बाबा दाराकडे तोंड करूनच बसतात. बाबा, कुणी येणार नाहीये. पाठ करून बसा एखाद दिवस, बघा तरी कसं वाटतं.

आणि आई, रश्श्याचं माप नीट लिहून पाठव. ओगराळ्याने नको, माझ्याकडे ओगराळं नाही. "थोडं" असं लिहिलंस तर मी लगेच फोन करून विचारणार आहे, किती माणसांचं थोडं?

तुमची,
बेबी