गव्हाचे क्रोमोसोम मोजून भाव लावू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला आहारावरचा लेख वाचला. खपली गव्हात 28 क्रोमोसोम (गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले डीएनएचे धागे), आजच्या गव्हात 42, म्हणजे वरचे 14 शास्त्रज्ञांनी लॅबमध्ये घुसवले आणि म्हणून आपल्याला पोळी बाधते, असं त्यात छापलंय. हे गणित व्हॉट्सअ‍ॅपवर केव्हाचं फिरतंय, इथे इंदुरात लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकू येतं, तिथे कोण वाद घालणार, पण पेपरात आलं की लोक खरं धरतात. बॉटनी शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आकडे बरोबर आहेत, बाकी सगळं चूक. 28 वाल्या गव्हाचा एका जंगली गवताशी आपोआप संकर झाला, त्या गवताचे 14 आले आणि 42 झाले. ही घटना साधारण 8 ते 10 हजार वर्षांपूर्वीची, कॅस्पियन समुद्राच्या बाजूच्या शेतांमधली. तेव्हा कुठली लॅब? आणि तो 28 वाला गहू तरी कुठे "शुद्ध" आहे, तोही त्याच्या कितीतरी आधी 14-14 वाल्या दोन गवतांच्या संकरातूनच आलाय. आपल्याकडे बाफल्यासाठी (बाटीसारखा माळव्यातला पदार्थ) मुद्दाम घेतात तो मालवी काठिया गहू 28 वाला, आणि सगळे ज्याचं नाव काढतात तो सीहोरचा शरबती 42 वाला. आता बोला, शरबती बनावट म्हणायचा का? ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, दोन्हीत असतं, खपलीतही असतं, त्यामुळे ज्याला खरोखर सीलिअ‍ॅकचा त्रास (ग्लुटेनमुळे आतडी बिघडण्याचा आजार) आहे त्याने तुमचा लेख वाचून खपली सुरू केली तर पंचाईत होईल, ही माझी खरी काळजी.

मुळात क्रोमोसोम किती यावरून काही म्हणजे काही ठरत नाही. माणसाचे 46, बटाट्याचे 48. केरळमधल्या एका छोट्याशा नेच्याचे 1260 आपल्याच शास्त्रज्ञांनी 1950च्या दशकात मोजले. आणि आपल्या मध्यप्रदेशच्या जंगलात काकड म्हणतात ते भुंकणारं हरीण, म्हणजे मराठीतलं भेकर, त्याच्या मादीत फक्त 6 आणि नरात 7! त्याच्या चिनी भाऊबंदाचे मात्र 46. आतलं डीएनएचं सामान फारसं कमी झालेलं नाही, तुकडे एकमेकांना टोकाशी चिकटत गेले एवढंच. आपल्यातही हेच झालंय, चिंपांझी-गोरिलाचे 48, आपल्या पूर्वजांत त्यातले दोन जुळून आपला दोन नंबरचा क्रोमोसोम तयार झाला, तो सांधा 1991 साली सापडला.

आता हे जोडकाम टिकतं कसं, तर खरी गंमत सेंट्रोमियरमध्ये आहे, ज्याबद्दल कोणी लिहीतच नाही. पेशी विभागताना दोरे येऊन क्रोमोसोमला जिथे पकडतात ती ही जागा. दोन क्रोमोसोम जुळले की सेंट्रोमियर दोन होतात, दोन्ही चालू राहिले तर दोन बाजूंनी ओढून क्रोमोसोम तुटायचा, म्हणून एक बंद पडावा लागतो. आपल्या दोन नंबरवर त्या बंद पडलेल्या सेंट्रोमियरचे अवशेष अजून दिसतात, भेकरातही जुन्या सांध्यांपाशी तशा खुणा आहेत. आणि विचित्र काय, तर काम सगळीकडे तेच असून तिथला डीएनए प्रत्येकाचा वेगळा, माणसात 171 अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, भातात 155 चा, मक्यात 156 चा. इतका महत्त्वाचा भाग तर बदलायलाच नको ना? पण मादीत बीजांडासाठी पेशी विभागून ज्या चार पेशी होतात त्यांपैकी एकच बीजांड बनते, त्या एका जागेत घुसायला सेंट्रोमियर आपापसात चढाओढ करतात आणि म्हणून भराभर बदलतात, असं 2001 पासून मांडलं जातंय. मला तरी हे पटतं.

सोयाबीनच्या शेतात शेतकऱ्याला रडवणारं तण मोथा, म्हणजे लव्हाळा, त्याहून वस्ताद, त्याच्या कुळात सेंट्रोमियर एका जागी नसतोच, जवळजवळ पूर्ण लांबीभर पसरलेला असतो, त्यामुळे क्रोमोसोमचे तुकडे झाले तरी प्रत्येक तुकडा आपला तरून जातो. फुलपाखरं आणि रेशीमकिड्यातही असंच.

जाता जाता एक, साधारण हजारात एका माणसात असे दोन क्रोमोसोम चिकटलेले असतात, मोजले तर 45 भरतात, माणूस ठणठणीत असतो, फक्त कधीकधी गर्भ टिकत नाही. ते नवऱ्यातही असू शकतं बरं का, आपल्याकडे बोल मात्र सुनेलाच लागतात. हा विषय तुमच्या आरोग्य पानावर खपलीच्या आधी यायला हवा होता.

खपली आवडत असेल तर खुशाल खा, खीर तर अप्रतिम होते. पण 28 चा आकडा दाखवून दुकानदार दुप्पट भाव लावत असेल तर त्याला शरबतीचा आकडा विचारा. आणि संपादक साहेब, गव्हावर काम करणारं केंद्र सरकारचं संशोधन केंद्र 1951 पासून आपल्याच इंदुरात आहे, पुढचा लेख छापण्याआधी तिथे कोणाला तरी दाखवून घ्या, आणि या लेखाची दुरुस्ती त्याच पानावर छापा ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, इंदूर