दगड आणि तलवार

पर्थ, स्कॉटलंड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मागच्या फोनवर, शिवरायांची म्हणून ओळखली जाणारी जगदंबा तलवार ब्रिटनकडून परत मागावी की नाही, यावरून आपलं वाजलं. ते डोक्यात घेऊनच काल इथल्या संग्रहालयात ‘स्टोन ऑफ डेस्टिनी’ पाहिला. वाळूच्या दगडाचा साधा चिरा, वजन 152 किलो, दोन टोकांना लोखंडी कड्या. वाड्याच्या पायरीला लावला तर कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. पण स्कॉटलंडच्या राजांचा राज्याभिषेक यावर व्हायचा.

1296 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं तो स्कून गावच्या मठातून लुटून लंडनला नेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये राज्याभिषेकाची खास खुर्ची करवून तिच्या बैठकीखाली बसवला. हरलेल्यांच्या गादीवर जिंकलेल्यानं पिढ्यान् पिढ्या बसायचं! वाचताना माझ्या पोटात कालवलं रे.

1950 च्या नाताळात पहाटे इयान हॅमिल्टन हा स्कॉटिश विद्यार्थी आणि त्याचे तीन साथीदार, सगळे विशीतले, दगड परत आणायला ॲबीत शिरले. ओढताना दगडाचे दोन तुकडे झाले. मोठा तुकडा हॅमिल्टननं आपल्या ओव्हरकोटावर घालून फरफटत नेला, लहान तुकडा केय मॅथेसन या मुलीनं गाडीतून नेला. ग्लासगोच्या एका पाथरवटानं दोन्ही सांधले. एप्रिल 1951 मध्ये आर्ब्रोथच्या पडक्या मठात, स्कॉटलंडच्या झेंड्यात गुंडाळून त्यांनी तो ठेवून दिला. तिथून तो पुन्हा लंडनला गेला, पण त्या पोरांवर खटला भरायचं धाडस सरकारला झालं नाही. शेवटी 1996 मध्ये तो रीतसर एडिंबरोला परत आला. 2023 मध्ये चार्ल्सच्या राज्याभिषेकापुरता लंडनला जाऊन आला, आणि 2024 पासून इथं आहे. स्कून इथून हाकेच्या अंतरावर.

आता वादाचं. जुनी दंतकथा म्हणते, बायबलातला याकोब याच दगडावर डोकं टेकून झोपला होता. काहीजण म्हणतात, मठवाल्यांनी खरा दगड लपवून एडवर्डच्या माथी भलताच मारला. भूगर्भशास्त्रज्ञांनी तपासलं, तर दगड स्कूनच्याच परिसरातला निघाला. याकोबाची गोष्ट तिथंच संपली. अदलाबदलीचा संशय उरतोच, कारण बदलीचा दगडही इथलाच असणार. तरी मला ऐकून भरून आलं. त्यांच्या राजांचा दगड त्यांच्याच मातीतला होता, याहून मोठी दंतकथा कशाला हवी?

आणि आपली तलवार? 1875 साली मुंबईत कोल्हापूरच्या छत्रपतींनी ती प्रिन्स ऑफ वेल्सला दिली, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पण छत्रपतींचं वय तेव्हा 12 होतं, आणि समोर जिचं राज्य होतं त्या राणीचा युवराज. एडवर्डनं दगड लुटला हे इथं कुणी नाकारत नाही, म्हणून मागणाऱ्यांचा आवाज चढा राहिला. आपल्या वाटेत ‘भेट’ हा शब्द आडवा येतो. त्या पोराला नाही म्हणायची सोय होती का, एवढं मला सांग.

फोन नको करूस, सविस्तर लिही. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच