पिकअपचे नाक उचलण्याआधी दिव्यांचा विचार करा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत आमच्या नाशिक जिल्ह्यात घरगुती वापराच्या मोठ्या पिकअप गाड्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर एक नवी हौसही आली आहे. कंपनीतून आलेली पिकअप रिकामी उभी असली की मागून थोडी उंच आणि पुढून थोडी झुकलेली दिसते. काही मालकांना ते खटकते, म्हणून पुढच्या सस्पेन्शनमध्ये ‘पॅकिंग’ (म्हणजे स्प्रिंगच्या वर बसवायची जाड चकती, स्पेसर) टाकून गाडी पुढून-मागून एका पातळीत आणून घेतली जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक घडवणारा शिल्पनिदेशक म्हणून मी उमेदीची सगळी वर्षे काढली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की मालक आणि मिस्त्री दोघेही ज्याला दिसण्याचे काम समजतात, ते स्टिअरिंगचे, टायरचे आणि सर्वांत आधी हेडलाइटचे काम आहे.

पिकअप मागून उंच का असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स या गाड्यांना पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक धरणारे वरचा-खालचा असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग असते, तर मागे कमानपाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या असतात. हौद्यात माल भरला की ओझ्याचा बहुतेक भार मागच्या पाट्यांवर येतो, पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. म्हणजे रिकाम्या गाडीची मागची उंची ही ओझ्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे. ज्याने रिकाम्या गाडीतच पातळी साधली, त्याची गाडी माल भरल्यावर नाक आभाळाकडे करून धावणार हे ठरलेले. ज्याच्या हौद्यात कधी सुटकेसपलीकडे काही पडत नाही त्याची गोष्ट वेगळी, पण शेतकऱ्याच्या गाडीचा हौदा रिकामा राहतो कुठे?

माझ्या पुतण्याची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. त्याने दिवाळीनंतर आपल्या पिकअपच्या पुढच्या दोन्ही बाजूंना एक-एक इंचाचे स्पेसर बसवून घेतले. काम एका दुपारी उरकले आणि गाडी खरोखरच रुबाबदार दिसू लागली. पुढे जानेवारीत आम्ही दोघे रात्री वणीहून परतत होतो, हौद्यात खताच्या आठ गोण्या होत्या, आणि समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी आम्हाला डिपर देत होती. पुतण्या म्हणाला, “काका, मी तर लो बीमवरच आहे, मग ही माणसं डिपर का मारतायत?” तेवढ्यात एका वळणावर समोरचा दुचाकीस्वार डोळ्यांवर हात धरत साइडपट्टीवर उतरला आणि खडीत घसरता घसरता वाचला. मी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून पंचवीस-तीस पावले पुढे गेलो आणि मागे वळून पाहिले. लो बीमच्या उजेडाची जी वरची कडा रस्त्यावर उतरायला हवी होती, ती रस्त्याकडेच्या बाभळीच्या फांद्यांत अडकली होती. मी स्वतः त्या उजेडाकडे क्षणभरही पाहू शकलो नाही.

याचे गणित साधे आहे आणि शाळेतल्या मुलालाही करता येईल. वर सांगितलेल्या व्ही-क्रॉस आणि हायलक्स या गाड्यांचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) अनुक्रमे ३०९५ आणि ३०८५ मिलिमीटर आहे. पुढचा भाग ५० मिलिमीटरने, म्हणजे दोन इंचांनी (एक इंचाच्या स्पेसरचे दोन इंच कसे होतात ते पुढे सांगतो) उचलला की गाडीला दर मीटरमागे सुमारे १६ मिलिमीटरचा चढ मिळतो. लो बीम मात्र साधारणपणे दर मीटरमागे १० मिलिमीटर खाली झुकलेला ठेवतात, म्हणजे तो उतार संपून दिवा उलट दर मीटरमागे सहा मिलिमीटर वर पाहू लागतो. दिवा जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर आहे असे धरले तर उजेडाची कडा ५० मीटरवर पूर्वी ४० सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे समोरच्या गाडीच्या बंपरवर पडत असे. दिवा स्वतःही पाचेक सेंटीमीटर वर गेलेला असल्याने तीच आता सव्वा मीटरवर, म्हणजे छोट्या मोटारीच्या चालकाच्या थेट डोळ्यांवर जाते. आणि हा हिशेब रिकाम्या गाडीचा आहे. मागे चार क्विंटल खत असताना काय होत असेल ते मी त्या रात्री पाहिले.

आता यांत्रिक बाजू. एक इंचाचा स्पेसर म्हणजे एक इंच उंची, असा पुष्कळांचा समज असतो. शॉकअपचे खालचे टोक चाकापाशी नसून लोअर आर्मच्या साधारण मध्यावर जोडलेले असते, त्यामुळे वर टाकलेल्या एका इंचाचे चाकापाशी पावणेदोन ते दोन इंच होतात. तेवढ्याने अप्पर आर्मचा आणि त्याला चाकाशी जोडणाऱ्या बॉल जॉइंटचा कोन ताणला जातो, फोर बाय फोर गाडीत पुढच्या ॲक्सलचे जॉइंट वाकड्या कोनात फिरू लागतात आणि त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. खड्ड्यात चाक खाली सुटण्यासाठी जी जागा असते ती या उंचीवाढीने कमी होते, म्हणून गतिरोधक ओलांडताना पुढून ‘खट्’ असा आवाज येतो. कॅम्बर, कॅस्टर आणि टो हे चाकांच्या ठेवणीचे तिन्ही कोन हलतात. पुतण्याच्या गाडीचे अलाइनमेंट, म्हणजे हे कोन पुन्हा जुळवण्याचे काम, कोणी केलेच नव्हते. अवघ्या चार हजार किलोमीटरांत दोन्ही पुढच्या टायरांची बाहेरची कड अशी झिजली होती की तळहात फिरवला तर करवतीच्या दात्यांसारखी लागत होती.

एक बारीक गोष्ट मी वर्गात प्रत्येक तुकडीला सांगत असे आणि इथेही सांगतो, कारण ती जवळजवळ कोणीच पाळत नाही. आर्म जिथे चेसिसला जोडतो तिथल्या बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेले असते. गाडी जॅकवर आणि चाके लोंबकळत असताना बुशचे बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर उतरताच ते रबर पिळले जाते आणि कायम पिळलेल्या अवस्थेतच काम करते. बोल्ट आधी हातानेच लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, दोन-चार वेळा दाबून बसू द्यावी आणि मगच टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत. यासाठी गाडीखाली जाता येईल असा रॅम्प किंवा खड्डा हवा, आणि वेळही हवा. कॉइल स्प्रिंग दाबण्याच्या कामात तर घाई जिवावर बेतते. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या योग्य कॉम्प्रेसरशिवाय, दोरखंड बांधून स्प्रिंग सोडवणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. दाबलेली स्प्रिंग निसटली तर समोर उभ्या असलेल्या माणसाला सावरायला वेळ मिळत नाही.

काही जण पुढचे काम झाल्यावर माल भरूनही गाडी बसू नये म्हणून मागे जादा पाटा टाकतात. ज्या गाड्यांना मागच्या ब्रेकचा दाब ओझ्यानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्यांत तो व्हॉल्व्ह चेसिस आणि ॲक्सल यांच्यातल्या अंतरावरून ओझे ओळखतो. जादा पाट्यामुळे गाडी दबलीच नाही, तर तो भरलेली गाडी रिकामी समजून मागचा ब्रेक कमी देत राहतो. सप्तशृंगी गडाच्या उतारावर याचा अर्थ काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

पुढची बाजू कधीच उचलू नये, असे माझे म्हणणे नाही. ज्यांना खरी गरज आहे त्यांनी पुढच्या वजनाला जुळणारी स्प्रिंग आणि तिच्याच जोडीचे शॉकअप घ्यावेत, उंची शक्य तितकी कमी वाढवावी, त्याच दिवशी अलाइनमेंट करून कोनांची छापील प्रत मागून घ्यावी आणि दिव्यांचा कोन नव्याने लावून घेतल्याशिवाय रात्री गाडी काढू नये. डॅशबोर्डवर दिव्याची उंची कमी करणारी चकती असेल तर ती माल भरल्यावर फिरवण्यासाठी आहे. तिच्या भरवशावर स्पेसर टाकू नये, कारण तिची धाव मग रिकाम्या गाडीतच संपते.

कायद्याचा प्रश्नही आहेच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तरीही स्प्रिंग आणि शॉकअपच्या बाबतीत नेमके काय चालते आणि काय नाही, हे मालकाला सोप्या मराठीत सांगणारा एखादा फलक परिवहन कार्यालयात लावावा, असे मी सुचवतो. ऑस्ट्रेलियात अशा उंचीवाढीला मिलिमीटरमध्ये मर्यादा घातलेली आहे आणि तिच्यापलीकडे जायचे असेल तर अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. आपल्याकडेही असा स्पष्ट आकडा असेल तर मालक, मिस्त्री आणि तपासणारा अधिकारी या तिघांचेही काम सोपे होईल.

माझी मुख्य मागणी मात्र याहून लहान आणि लगेच करता येण्याजोगी आहे. मालवाहू परवान्याच्या गाडीला योग्यता प्रमाणपत्रासाठी ठरावीक काळाने तपासणीला जावे लागते आणि तिथे दिवेही पाहिले जातात. खासगी नोंदणीची पिकअप मात्र पहिली पंधरा वर्षे अशा कोणत्याही तपासणीसमोर उभी राहत नाही. तिची दरवर्षी होते ती फक्त धुराची तपासणी. परिवहन विभागाने त्याच वेळी लो बीमची कडा पाहणे पीयूसी केंद्रांना बंधनकारक करावे. त्यासाठी महाग यंत्राची गरज नाही. सपाट जमीन, दहा मीटरवर एक भिंत आणि दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटीमीटर खाली खडूने ओढलेली एक आडवी रेघ पुरेशी आहे. उजेडाची कडा रेघेच्या वर गेली की गाडी परत पाठवायची. पुतण्याच्या गाडीचे स्पेसर काढल्यावर आम्ही त्याच्या शेडच्या भिंतीवर नेमके हेच केले, आणि दोन्ही दिव्यांचे स्क्रू फिरवून कडा रेघेवर आणायला वीस मिनिटे लागली. आमच्या तालुक्याच्या गावातल्या पीयूसी केंद्रासमोर अशी सपाट जागा आणि एक पांढरी भिंत आजही मोकळी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, नाशिक